रुजवात घेणार कोण? भाषांतराच्या कामात चौदा महिने वापरलेल्या एआय सहायकाविषयी

कागद १९५८ सालचा होता. वाटणीपत्र, शाईने हाती लिहिलेलं, चार घड्या घालून पत्र्याच्या पेटीत जपलेलं. मधली घडी विरली होती आणि ती नेमकी हिश्श्याच्या आकड्यावरून गेली होती. ‘आणे’ एवढा एक शब्द शिल्लक होता; त्याच्या आधीचंही गेलेलं आणि नंतरचंही. कोरेगाव तालुक्यातलं ते कुटुंब अकरा वर्षं भांडतंय ते याच आकड्यासाठी. एका बाजूचं म्हणणं आठ आणे, दुसरीचं पाच आणे चार पै. सोळा आणे म्हणजे पूर्ण मालमत्ता, तेव्हा वाटणी दोघा भावांत झाली की तिघांत, एवढाच सगळा वाद. मी पानाचा फोटो काढून एआय सहायकाला दिला आणि इंग्रजी भाषांतर मागितलं. मिनिटाभरात सुबक इंग्रजी समोर आलं. त्यात आठ आणे हिस्सा असं स्वच्छ लिहिलेलं होतं. कंस नाही, प्रश्नचिन्ह नाही, ‘येथे कागद फाटला आहे’ असा शेरा नाही.

ते माझ्या रुजवातीत सापडलं म्हणून बरं. कोर्टातून नक्कल काढली असेल तर तिच्या शेवटी दोन सह्या तुम्ही पाहिल्या असतील: नक्कल करणार आणि रुजवात घेणार. एकाने उतरवायचं, दुसऱ्याने मुळाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहायचं. आमच्या कामाचा कणा तोच. या सहायकाबद्दल मला जे सांगायचं आहे, ते या दोन सह्यांमधल्या फरकाबद्दल आहे.

मी साताऱ्यात बावीस वर्षं कोर्टाच्या कागदांची मराठीतून इंग्रजीत भाषांतरं करते. खालच्या कोर्टात मराठी चालतं, उच्च न्यायालयात इंग्रजी लागतं, म्हणून अपील वर गेलं की सातबारा, फेरफार, खरेदीखत, जबाब, पंचनामा, सगळं इंग्रजीत करावं लागतं. प्रत्येक भाषांतराखाली ‘मूळ मराठीचं खरं व अचूक भाषांतर’ अशा अर्थाचा दाखला देऊन मी सही करते. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं आणि साताऱ्यासह सहा जिल्ह्यांची कामं तिकडे गेली. वकीलमंडळी आता सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी परत येतात, त्यामुळे कामही वाढलं आणि घाईही. ‘ताई, उद्या सकाळी लागेल’ हे वाक्य पूर्वी महिन्यातून एकदा ऐकू यायचं, आता आठवड्यातून तीनदा.

त्या घाईतच मी हा सहायक घेतला. पैसे भरून मिळणारी आवृत्ती, महिन्याला सुमारे दोन हजार रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही. एकाच दुकानावर बोट ठेवून भागणार नाही, कारण मी सांगणार आहे ते या जातीच्या सगळ्याच सहायकांना कमीअधिक लागू आहे असं माझं मत आहे.

चांगलं आधी सांगते, कारण ते खरोखर चांगलं आहे. टाइप केलेला स्वच्छ मजकूर असेल, म्हणजे खालच्या कोर्टाचा निकाल, तलाठ्याकडचा संगणकीकृत उतारा, अलीकडचं नोंदणीकृत खरेदीखत, तर पहिला खर्डा तो उत्तम देतो. चाळीस पानांच्या निकालाला मला तीन दिवस लागायचे, आता रुजवातीसकट दीड दिवस लागतो. मराठी निकालपत्रांत एकेक वाक्य अर्धं पान चालतं, ‘सबब’, ‘सदरहू’, ‘उपरोक्त’ यांच्या साखळ्या असतात. त्या साखळ्या सोडवून इंग्रजीत नीट वाक्यं बसवणं त्याला जमतं. एकच शब्द शंभर पानांत एकाच तऱ्हेने भाषांतरित झालाय का, हे तो माझ्यापेक्षा चांगलं पाहतो. रात्री अकराला एखाद्या इंग्रजी कलमाचा अर्थ विचारला तर न कंटाळता तीन प्रकारे समजावतो. एकटीने काम करणाऱ्या बाईला विचारायला कोणीतरी असणं किती मोठं असतं, हे एकटीने काम करणाऱ्यांनाच कळेल.

एक तांत्रिक गोष्ट लक्षात ठेवा. ही यंत्रं मजकुराचे बारीक तुकडे पाडून वाचतात आणि देवनागरीचे तुकडे इंग्रजीपेक्षा जास्त पडतात. त्यामुळे तेवढंच मराठी पान त्याला इंग्रजी पानापेक्षा जड जातं आणि वापराची मर्यादाही लवकर संपते. मोठं काम असेल तर पाच-पाच पानांनी द्या.

आता उणं. आमच्या कागदांची एक स्वतंत्र भाषा आहे आणि ती त्याला अर्धीच येते. सातबाऱ्यावरच्या ‘कुळ’चं भाषांतर त्याने घराणं या अर्थाने केलं. १९४८ च्या कुळकायद्यातलं कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा. त्या एका शब्दावर माणसाची जमीन राहते किंवा जाते. ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, ही नावापुढची नोंद त्याने माणसाची आद्याक्षरं समजून नावात घातली. म्हणजे सगळ्या कुटुंबाच्या वतीने धरलेली जमीन एकट्याची झाली. ‘मुदत खरेदी’त पैसे ठरल्या वेळेत परत केले तर जमीन परत मिळते, ती त्याने साधी खरेदी करून टाकली. पीकपाहणीतला ‘खुद्द’, म्हणजे मालक स्वतःच कसतो, हा मात्र त्याला बरोबर कळला, हेही नोंदवते. हाती लिहिलेलं जुनं बाळबोध तो वाचतो असं दिसतं, पण निम्मं अंदाजाने. मोडी लिपीच्या वाटेला त्याच्याबरोबर जाऊच नका.

या चुका मला फार टोचत नाहीत. नवीन माणूसही पहिल्या वर्षी याच चुका करतो. सरन्यायाधीश असताना धनंजय चंद्रचूड यांनीही यंत्राच्या भाषांतराचं असंच एक उदाहरण जाहीरपणे सांगितलं होतं: अपिलाची परवानगी दिली या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचं यंत्राने सुट्टी मिळाली असं केलं. असल्या चुका डोळ्यांना खुपतात, म्हणून दुरुस्त होतात.

मला घाबरवतात त्या न खुपणाऱ्या चुका. वाटणीपत्रातले आठ आणे तसे होते. हे यंत्र मजकूर कसा तयार करतं ते थोडं समजून घेतल्यावर मला त्याचं कारण कळलं. आधीच्या शब्दांनंतर कोणता तुकडा येण्याची शक्यता जास्त, हे अफाट मजकुरावरून शिकून ते पुढचा तुकडा मांडतं. वाटणीपत्रात ‘आणे’च्या आधी ‘आठ’ असणं शक्यतेला धरून आहे, म्हणून ‘आठ’ आला. त्यात लबाडी नाही. पण समोरचा कागद काय सांगतो आणि असले कागद बहुधा काय सांगतात, यांत भेद करायची सवय त्याच्या अंगात मुळातून नाही. आमच्या धंद्यात तो भेद म्हणजेच इमान. माझ्या गुरूंनी, जुन्या कोर्टातल्या एका निवृत्त भाषांतरकारांनी, पहिल्या आठवड्यात मला सांगितलं होतं: वाचता आलं नाही तर ‘अवाच्य’ लिहायचं, लाजायचं नाही. मोकळी जागा मोकळीच उतरवायची. कोर्टाला ती मोकळी दिसली पाहिजे, कारण तीसुद्धा पुरावा आहे.

मग मी त्याला प्रत्येक कामाच्या आधी सूचना द्यायला लागले: जिथे अक्षर दिसत नाही तिथे अवाच्य लिही, अंदाज करू नकोस. फरक पडला, बराच पडला. पण दर वेळी नाही. दहा ठिकाणी तो अवाच्य लिहितो आणि अकराव्या ठिकाणी भरून टाकतो, आणि ते अकरावं कोणतं हे मूळ कागद हातात घेतल्याशिवाय कळत नाही.

त्याला विचारून तर अजिबात कळत नाही. हे मी मुद्दाम तपासलं. आठ आण्यांबद्दल विचारल्यावर त्याने लगेच माफी मागितली आणि दुरुस्ती केली. मग एका अगदी बरोबर भाषांतराबद्दल मी तसंच म्हटलं, ‘हे चुकलंय ना?’ त्याने त्याचीही माफी मागितली आणि बरोबर असलेलं बदलून चूक केलं. म्हणजे त्याची माफी ही कबुली नव्हे. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली वकिलांनी अशा यंत्राने रचलेले, कधी न झालेले खटले दाखले म्हणून कोर्टात दिले, तेव्हाही हेच घडलं होतं. वकिलाने यंत्रालाच विचारलं होतं की हे खटले खरे आहेत ना, आणि ते हो म्हणालं होतं. न्यायाधीशांनी पाच हजार डॉलर दंड केला. त्यांच्या आदेशातली मला पटलेली गोष्ट अशी की, यंत्राची मदत घेणं मुळात गैर आहे असं त्यांनी म्हटलं नाही. पण कोर्टात जे जातं त्याचा दारवान वकील आहे, हे बजावलं. आपल्याकडे ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एक आयकर आकारणीचा आदेश रद्द केला, कारण त्यात आधार म्हणून दिलेले निकाल अस्तित्वातच नव्हते. यंत्रणेने पुढे केलेलं डोळे मिटून घेऊ नका, ताडून पाहा, असं कोर्टाने सुनावलं. मी ती बातमी कापून टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे. कोर्टाने रुजवात हा शब्द वापरला नव्हता, मला मात्र तोच ऐकू आला.

आता जे लिहिते ते लिहायला मला जड जातंय. पहिले तीन महिने मी पक्षकारांचे कागद त्यांना न विचारता या सहायकात टाकत होते. वकिलांना विचारत नव्हते, पक्षकारांना तर नाहीच. मला वाटायचं, हे माझ्या टेबलावरचं अवजार आहे, शब्दकोशासारखं. शब्दकोश कागद बघत नाही, हे माझ्या ध्यानात आलं नाही. मग एक दिवस कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणातलं एका मुलीचं शपथपत्र आलं. सत्तावीस वर्षांची. सासरी काय काय झालं, कोणत्या खोलीत, कोणासमोर, सगळं तारखांसह. ते वाचताना माझा हात थांबला. हे तिने वकिलाला सांगितलं होतं, न्यायाधीशांना सांगितलं होतं, आणि नाइलाजाने मला. कुठल्या देशातल्या कुठल्या संगणकाला तिने सांगितलं नव्हतं.

तिला फोन केला. मी संगणकावर असं साधन वापरते, चालेल का, असं विचारलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘काकू, माझं नाव त्यात जाईल का?’ मी म्हटलं, जाईल. ‘मग नको.’ ते भाषांतर मी पूर्ण हाताने केलं, चार दिवस लागले, जादा पैसे घेतले नाहीत. आधीच्या तीन महिन्यांतल्या लोकांना मात्र मी काही विचारलं नव्हतं, आणि आता विचारून तो कागद परत येणार नाही. ज्या सात वकिलांची ती कामं होती त्या प्रत्येकाला मी जाऊन सांगितलं. दोघांनी कपाळाला आठ्या घातल्या, बाकीच्यांनी ‘त्यात काय एवढं’ म्हणून सोडून दिलं. मला ते सोडून देणंच जास्त लागलं. कागद त्यांचाही नव्हता.

देशात २०२३ साली वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाचा कायदा झाला, संमती हा त्याचा पाया आहे. पण कायद्यासाठी थांबायची गरज नव्हती, मला आधीच कळायला हवं होतं. आता माझी पद्धत अशी: आधी परवानगी, तीही पक्षकाराची. परवानगी मिळाली तरी नावांच्या जागी अ, ब, क घालते. गट नंबर, गावाचं नाव, आधार क्रमांक बदलते किंवा गाळते आणि नंतर परत भरते. आपला मजकूर यंत्राच्या शिकवणीसाठी वापरू नये अशी सोय बऱ्याच सहायकांच्या सेटिंगमध्ये असते, ती चालू करते. फोटो देत नाही, टाइप करून देते. यात वाचलेल्या वेळातला निम्मा वेळ परत खर्च होतो. ज्यांना हे परवडत नाही त्यांनी लोकांचे कागद घेऊन हे साधन वापरू नये, असं मला स्पष्ट वाटतं.

माझ्याकडे कायद्याची पदवी घेतलेली एक मुलगी शिकायला येते. हुशार आहे. पहिल्या महिन्यातच तिने मला न सांगता एक फेरफार सहायकाकडून करून आणला. भाषांतर बरं होतं. मी तिला विचारलं, ‘यात अ.पा.क. म्हणजे काय?’ तिला सांगता येईना. अज्ञानाचा पालनकर्ता; जमीन लहान मुलाच्या नावावर आहे आणि व्यवहार मोठा माणूस बघतोय, हे त्या तीन अक्षरांत असतं. इंग्रजीत ते बरोबर आलेलं होतं. पण उद्या चुकीचं आलं असतं तर ते तिला कशावरून कळलं असतं? तपासणाऱ्याला कामच येत नसेल तर तपासणी कसली. म्हणून आमच्यात ठरलंय: पहिलं वर्ष ती सगळं हाताने करेल. सहायकाचा खर्डा तिला दाखवायचा तो तिचा स्वतःचा खर्डा झाल्यावर, दोन्ही शेजारी ठेवून. गंमत म्हणजे ती आता त्याच्या चुका माझ्यापेक्षा लवकर पकडते, आणि त्याने एखादा चांगला शब्द सुचवला तर मोकळेपणाने घेतेही. या मार्गाने तो चांगला सोबती आहे. शिक्षक मात्र नाही.

पैशांचंही बोलायला हवं. मी पानाला दोनशे रुपये घेते. काम निम्म्या वेळात होतं तर दर कमी करावा का, असं मला बरेच दिवस वाटत होतं. शेवटी टाइप केलेल्या निकालांचा दर दीडशे केला, हस्तलिखितांचा तोच ठेवला. मी बरोबर केलं की नाही, माझ्या व्यवसायातल्या लोकांनी सांगावं. पण हा फायदा फुकटचा नाही, हे मी विसरत नाही. या यंत्राला इंग्रजी आणि मराठी येते ती माणसांनी लिहिलेल्या मजकुरावरून. त्यात न विचारता घेतलेलंही पुष्कळ आहे, आणि त्यावरून जगभर खटले चालू आहेत. दिल्ली उच्च न्यायालयात एएनआय या वृत्तसंस्थेने २०२४ मध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयवर लावलेला दावा त्यातलाच. आणि जानेवारी २०२३ मध्ये टाइम नियतकालिकाने छापलं होतं की, यंत्राने घाणेरडं बोलू नये म्हणून अत्याचाराची, हिंसेची वर्णनं दिवसभर वाचून त्यांवर खुणा करायचं काम केनियातल्या माणसांकडून करून घेतलं गेलं, तासाला दोन डॉलरपेक्षा कमी मजुरीत. मी पंचनामे वाचून इंग्रजीत करते. मृतदेहाचं वर्णन वाचल्यावर संध्याकाळी जेवण जात नाही, हे मला माहीत आहे. त्या माणसांनी ते रोज, तासन्तास वाचलं. माझ्या पडद्यावरचा सहायक सभ्य बोलतो त्यात त्यांची ती संध्याकाळ आहे. कंपन्यांनी या लोकांना नीट मोबदला आणि उपचार द्यावेत, हे म्हणायचा हक्क मला दोन हजार रुपये भरणारी ग्राहक म्हणून आहे, आणि मी तसं कंपनीला लिहिलंही आहे. उत्तर आलं ते यंत्राने लिहिल्यासारखं होतं.

आता दाखल्याबद्दल. गेल्या दिवाळीपासून मी भाषांतराच्या दाखल्यात एक ओळ वाढवली आहे: पहिला खर्डा संगणकीय सहायकाच्या मदतीने केला असून प्रत्येक शब्द मूळ कागदाशी मी स्वतः ताडून पाहिला आहे. जिथे मदत घेतली नाही तिथे ती ओळ नसते. बहुतेक वकिलांनी काही हरकत घेतली नाही. एका मोठ्या वकीलसाहेबांनी मला बोलावून घेतलं. ‘ताई, ही ओळ काढा. समोरचा वकील तीच पकडून बसेल.’ मी म्हटलं, ‘साहेब, पकडू दे. मी कठड्यात उभी राहून सांगेन की ताडून पाहिलंय.’ ते म्हणाले, ‘मग हाताने केलं असं लिहा.’ ते मी लिहू शकत नव्हते. माझ्या महिन्याच्या कमाईचा चौथा हिस्सा त्यांच्याकडून यायचा. त्यांचं काम आता दुसरीकडे जातं, आणि तिथे खर्डा कशाने होतो हे मला चांगलं माहीत आहे.

घ्यावा का, असं विचाराल तर: कामात मुरलेले असाल, मूळ कागद हातात असेल, कागदाच्या मालकाने हो म्हटलं असेल, तर घ्या. टाइप केलेल्या मजकुरासाठी पैसे वसूल होतात. जुन्या हस्तलिखितांसाठी, मोडीसाठी, बायकांच्या आणि मुलांच्या प्रकरणांसाठी घेऊ नका. माझी वर्गणी पुढच्या महिन्यात संपते, मी ती भरणार आहे.

ते वाटणीपत्र कोल्हापूरला गेलं. रुजवातीच्या दिवशी माझ्याकडे शिकणारी ती मुलगी मूळ कागद भिंगाखाली धरून मोठ्याने वाचत होती आणि मी इंग्रजीवर पेन्सिल फिरवत होते. मधल्या घडीपाशी ती थांबली. ‘मॅडम, इथे काहीच नाहीये. नुसतं आणे.’ मी आठ खोडलं आणि कंसात अवाच्य लिहिलं.